उन्हाच्या बाजूला गेलेला शेजारी

"कर्णधार विकला म्हणून संघ मरत नसतो. उलट त्या दिवशी तो नव्याने जन्माला येतो!"

काटेवाल्यांनी हे वाक्य असं उच्चारलं, जणू समोर अफाट जनसमुदाय बसला आहे आणि पुढच्या रांगेतली माणसं डोळे टिपताहेत. प्रत्यक्षात समोर एक वजनकाटा होता. तो पोट उघडं टाकून आडवा पडला होता आणि त्याच्यावर काहीही ठेवलेलं नसताना वीस ग्रॅम दाखवत होता.

"हे वीस ग्रॅम कशाचे?" किराणावाल्यानं विचारलं.

"आत झुरळ अडकलंय. तर मी काय म्हणत होतो, कर्णधाराचा घोटा..."

"आधी झुरळ काढा. कर्णधार नंतर विका."

काटेवाल्यांनी चिमट्यानं झुरळ काढलं, ते कागदावर ठेवलं आणि त्याच्या साक्षीनं पुढचं बोलणं सुरू केलं. त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. या धंद्यात एक सोय आहे, जी त्यात शिरताना त्यांच्या लक्षात आली नव्हती. काटा उघडला की दुकानदार अडकतो. त्याला माल विकता येत नाही, दुकान टाकून जाता येत नाही आणि काटेवाल्यांना हाकलता तर मुळीच येत नाही. त्यामुळे किराणावाला असो, खिळेमोळे विकणारा असो, की लोकर तोलून देणारी बाई असो, काटा शून्यावर येईपर्यंत प्रत्येकाला शहराच्या हॉकी संघाबद्दल सगळं ऐकून घ्यावं लागे. मधली फळी का सुटते, कोणाच्या मांडीचा स्नायू कधी दगा देणार, कोणाला कोणाच्या बदल्यात कुठे धाडायला हवं. काही दुकानदारांनी चांगले चालते काटे टाकून नवे घेतले, ते काट्यांना कंटाळून नव्हे, असं बाजारात बोललं जाई.

पण दुकानातलं बोलणं म्हणजे सरावाचा सामना. खरा सामना रविवारी, मैदानावर.

मैदानाच्या सावलीच्या बाजूला, वरच्या रांगेत, छपराला टेकू देणारा एक जाडजूड लोखंडी खांब होता. खांबाला चिकटून एक खुर्ची आणि तिच्या अलीकडे दुसरी. अलीकडच्या खुर्चीत काटेवाले बसत. खांबाजवळच्या खुर्चीत बसत ते मफलर. बारा महिने तेरा काळ गळ्यात मफलर, म्हणून काटेवाल्यांनी मनातल्या मनात ठेवलेलं हे नाव. तोंडावर ते त्यांना नुसतं "अहो" म्हणत. मफलरही त्यांना "अहो" म्हणत. एवढ्या भांडवलावर दोघांची कित्येक वर्षांची ओळख चालली होती. मफलर काय करतात, कुठे राहतात, घरी कोण आहे, हे काटेवाल्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायला वेळ कुठे होता? सामना चौथ्या डावातच संपतो.

सुरुवातीची वर्षं दोघं कडकडून भांडले. गोलरक्षकाला काटेवाले "फाटक" म्हणत, कारण त्यांच्या मते तो सताड उघडा असे. मफलर म्हणत, फाटक उघडं राहतं ते राखणदार झोपतात म्हणून, बचावफळीला विचारा. पेनल्टी कॉर्नर मारणाऱ्या दांडग्याला सगळं मैदान "तोफ" म्हणे. तोफेची कंबर धरलेली आहे हे काटेवाल्यांनी सर्वांत आधी ओळखलं. तो चेंडू उचलायला वाकताना गुडघ्यावर हात ठेवतो, एवढ्यावरून. मफलर म्हणाले, हात काय, मीही ठेवतो. काटेवाले म्हणाले, तुम्हाला कोण संघात घेतंय?

पुढे, म्हणजे गेल्या दोन मोसमांत, मफलर समंजस झाले.

काटेवाल्यांनी काहीही म्हणावं आणि मफलरांनी मान हलवून "अगदी बरोबर" म्हणावं. फाटकाला बसवा? अगदी बरोबर. मधल्या फळीत दम नाही? अगदी बरोबर. कर्णधाराचा घोटा संपलाय, किंमत येते आहे तोवर विकून टाका? अगदी बरोबर. काटेवाल्यांना याचं नवल वाटलं नाही. काटा कितीही हट्टी असला, तरी जाणत्या हाताखाली शेवटी शून्यावर येतोच. खरं सांगायचं, तर भांडणाची चव गेली होती. पण जिंकणाऱ्यानं अशी तक्रार करू नये, म्हणून त्यांनी ती स्वतःपाशीही केली नाही.

मोसम संपल्यावरच्या सुट्टीत क्लबनं खरोखरच कर्णधार विकला. त्याच्या बदल्यात दुसऱ्या शहरातून दोन पोरं आणली, ज्यांच्या हनुवटीवर चारदोन केस होते आणि तेही एकमेकांना ओळखत नव्हते. काटेवाल्यांची छाती फुगली. क्लबनं त्यांना विचारलं नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण निर्णय त्यांचाच होता. साऱ्या सुट्टीभर त्यांनी या विषयावरचं बोलणं साठवून ठेवलं आणि मोसमाच्या पहिल्या रविवारी ते गच्च भरलेल्या पोत्यासारखे खुर्चीत जाऊन बसले.

खांबाजवळची खुर्ची रिकामी होती.

"किरकोळ दुखापत असणार," त्यांनी स्वतःला सांगितलं. "एखादा सामना बाहेर."

दुसऱ्या सामन्यालाही खुर्ची रिकामी. आता त्यांनी स्नायूची दुखापत धरली. स्नायूला वेळ लागतो, घाई केली तर पुन्हा फाटतो. तिसऱ्या सामन्यात नव्या पोरांपैकी एकानं गोल केला. काटेवाले उठले, ओरडले आणि सवयीनं उजव्या हाताची सणसणीत थाप शेजारच्या पाठीवर मारली. पाठ नव्हतीच. खुर्चीची बैठक थापेनं उघडून फटकन मिटली आणि तो आवाज त्यांना गोलाच्या आरोळीपेक्षा मोठा वाटला. ते खाली बसले. मग त्यांनी ती बैठक हातानं पुन्हा उघडून ठेवली. सोडली की मिटे, उघडली की उघडे. मधल्या विश्रांतीपर्यंत ते तेच करत बसले.

काटेवाले थोरल्या भावाच्या घरात वरच्या खोलीत राहत. भाऊ गेल्याला बरीच वर्षं झाली होती. खाली वहिनी राहत आणि जेवण खाली असे. वहिनींना हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळावं अशी इच्छाही नव्हती.

"भावजी, आज पोळी उरली. पोट बरं नाही?"

"शेजारी नव्हता."

"कुठला शेजारी? समोरचे तर सकाळी जिन्यात भांडत होते."

"मैदानावरचा. मफलर. तिसरा सामना चुकवला."

"आजारी असेल. घरी जाऊन बघून या."

काटेवाले घास हातात धरून थांबले. "घर माहीत नाही."

"मग फोन करा."

"नंबर नाही."

"नाव तरी?"

काटेवाल्यांनी घास तोंडात घातला. घास तोंडात असताना बोलू नये, हा नियम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आठवला.

"अहो, त्या गोलरक्षकाची मावशी कोणत्या गावी दिली ते तुम्हाला ठाऊक!"

"मावशी नाही, मामी. आणि ती स्वतः खेळायची, म्हणून सांगितलं होतं."

"धन्य आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी भांडी उचलली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा जास्त झाला.

मफलर सापडले ते पुढच्या सामन्याला, आणि तेही दुसऱ्याच कोणाचा माग काढताना. काटेवाल्यांपाशी एक जुनी दुर्बीण होती. तिचा उपयोग ते खेळ बघायला करत नसत. खेळ काय, कोणालाही दिसतो. दुर्बिणीतून ते खेळाडूंचे पाय बघत. नव्या पोरांपैकी एक जण वळताना उजव्या टाचेवर भार देत नाही, असा त्यांना संशय होता. पोरगा पलीकडच्या रेषेवरून धावत होता, दुर्बीण त्याच्या टाचेमागे सरकत होती, आणि अचानक टाचेच्या वर, पलीकडच्या प्रेक्षकांत, त्यांना मफलर दिसला. मफलरच्या आत मफलर होते.

पलीकडची बाजू म्हणजे उन्हाची बाजू. दुपारचं ऊन सरळ तोंडावर येतं आणि चेंडू शोधायला कपाळावर हात धरावा लागतो. तिथं एक तर उशिरा तिकीट काढणारे बसतात, नाही तर ज्यांना कोणी ओळखू नये असं वाटतं ते. त्या मोकळ्या बाकांवर, डावीउजवीकडे कोणी नसताना, मफलर एकटे कपाळावर हात धरून बसले होते. पाय धड, कंबर धड. दुखापत कुठेच दिसत नव्हती.

सामना संपायच्या आधीच काटेवाले तिकिटाच्या खिडकीवर पोहोचले. आतला कारकून मोसमाच्या जागा वाटून वाटून माणसांना खुर्च्यांवरून ओळखू लागला होता.

"खांबाजवळची खुर्ची ना? त्यांनी बदलून घेतली."

"सावलीतून उन्हात?"

"मीही म्हटलं, काका, लोक उलटं मागतात. तर म्हणाले, शेजारी कोणी नसेल अशी जागा द्या."

"शेजारी कोणी नसेल अशी?"

"हो. दोनदा म्हणाले."

दोनदा म्हणाले हे सांगायची काही गरज नव्हती. पण कारकून प्रामाणिक होता आणि प्रामाणिक माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही.

त्या दिवशी काटेवाले चालत घरी गेले. वाटेत त्यांनी या घटनेचा, जाणकारानं करावा तसा, शांतपणे विचार केला. खेळाडू स्वतःहून संघ सोडतो तेव्हा त्याच्या मागे धावू नये. त्यानं संघाचं नुकसान होतं आणि खेळाडूचा भाव वाढतो. एक गेला तर दुसरा येतो. बदली खेळाडू कशासाठी असतात? एवढा सगळा शांत विचार करूनही ते दोन गल्ल्या पुढे निघून गेले आणि घर शोधत परत आले.

बदली खेळाडू मिळणं अवघड गेलं. किराणावाल्याला त्यांनी फुकट तिकीट देऊ केलं.

"रविवारी?" किराणावाला म्हणाला. "रविवारी मी झोपतो."

"मैदानात झोपा."

"तुमच्या शेजारी?" किराणावाल्यानं एवढंच विचारलं आणि तो मोठ्यानं हसला. त्यात दुष्टपणा नव्हता. काटेवालेही हसले. पण त्या दिवशी काटा उघडल्यावर ते काही बोलले नाहीत. काम झालं, झाकण बसलं, स्क्रू आवळले गेले. किराणावाल्यानं घाबरून दोनदा विचारलं, "काटा बरा आहे ना?"

लोकरवाल्या बाईच्या दुकानातही तेच झालं. बोलावंसं वाटेना. प्रत्येक वाक्य ओठांवर आलं की त्यांना वाटे, हेच ऐकून माणूस उन्हात जाऊन बसला. वरच्या खोलीत ते आता रेडिओवरच्या हॉकीच्या बातम्याही अर्ध्यात बंद करू लागले. तोफेची कंबर शेवटी गेलीच. डॉक्टरांनी मोसमभर विश्रांती सांगितली. काटेवाल्यांनी हे कित्येक वर्षं आधी सांगितलं होतं. हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विजय. पण "मी म्हणालो नव्हतो?" हे वाक्य एकट्यानं म्हणून बघितलं, तर ते फार विचित्र लागतं. त्यांनी म्हणून बघितलं होतं.

"मी येते," एके दिवशी वहिनी म्हणाल्या.

"कुठे?"

"तुमच्या त्या मैदानावर. घरात तोंड पाडून बसता, त्यापेक्षा तिथं बसून पाडा. मी विणकाम घेऊन येते."

त्या रविवारी सामना होता तो नेमका विकलेल्या कर्णधाराच्या नव्या संघाशी. वहिनी खांबाजवळच्या खुर्चीत बसल्या, सुया काढल्या आणि मैदान बघून म्हणाल्या, "गवत नाही वाटतं खरं?"

"कृत्रिम आहे. सामन्याआधी पाणी मारतात."

"कृत्रिम गवताला पाणी मारतात?"

"चेंडू नीट घसरावा म्हणून."

"हं," वहिनी म्हणाल्या. या एका हुंकारात त्यांचं हॉकीबद्दलचं सगळं मत आलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आणि हा खांब असा काय? मला उजवीकडचा गोल दिसतच नाही. तो बिचारा इतकी वर्षं इथं कसा बसला?"

"तक्रार नव्हती त्याची."

"दाखवा बघू कोण तो."

काटेवाल्यांनी नाइलाजानं दुर्बीण दिली आणि बोट दाखवलं. वहिनींनी दुर्बीण डोळ्याला लावली ती काढलीच नाही. मैदानावर पहिला डाव संपला, दुसरा सुरू झाला. आपल्या पोरांनी गोल केला. मैदान उसळलं. काटेवाले अर्धवट उठून खाली बसले.

"भावजी, हा माणूस टाळ्या उशिरा वाजवतो."

"वय झालंय."

"तसं नाही. आधी बाजूला बघतो, लोक काय करताहेत ते. मग वाजवतो. मघाशी त्याच्या डाव्या हाताला कुंपणाच्या फळीवर चेंडू केवढ्यानं आपटला. सगळे दचकले, माझी सुई निसटली. हा ढिम्म." वहिनींनी दुर्बीण खाली घेतली. "भावजी, याला ऐकू येत नाही."

"काहीतरीच! दोन मोसम माझा शब्द न् शब्द ऐकलाय त्यानं. प्रत्येक गोष्ट पटायची त्याला."

"ऐकायचा, की मान हलवायचा?"

काटेवाल्यांनी दुर्बिणीसाठी हात पुढे केला. वहिनींनी ती मांडीवर धरून ठेवली.

"तुम्ही त्याच्या कुठल्या हाताला बसायचात?"

"डाव्या."

"आणि उजव्या हाताला?"

दोघांनी खांबाकडे बघितलं. लोखंडी, जाड, थंड खांब. शेजाऱ्याचा चांगला कान दोन मोसम या खांबाचं ऐकत बसला होता.

"काखेत कळसा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सुया उचलल्या. गावाला वळसा काटेवाल्यांनी मनात पुरा केला. ज्या माणसानं पलीकडच्या रेषेवरची पोराची टाच ओळखली, वाकण्यावरून तोफेची कंबर ओळखली, त्याला हातभर अंतरावरचा कान ओळखता आला नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात. इथं घडा बिचारा सुलटाच होता, ओतणारा चुकीच्या बाजूला बसला होता. आणि ते "अगदी बरोबर"? ते सगळेच गेले. कर्णधाराला विकायची सहमती, फाटकाबद्दलचा समझोता, दोन मोसमांचा विजय, सगळं रद्द. ते सामने खेळलेच गेले नव्हते.

त्यांना आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर बसणं अशक्य झालं.

मधल्या विश्रांतीत ते निघाले. गोलामागच्या जाळीला वळसा घालून, धावफलकाखालून, पलीकडच्या बाजूला आले. ऊन तोंडावर आदळलं. बाकांच्या रांगेतून जात ते मफलरांपाशी पोहोचले आणि सवयीनं त्यांच्या डाव्या हाताला उभे राहिले.

"काय म्हणता?"

मफलर मैदानाकडे बघत होते.

"म्हटलं, ओळखलंत का?"

काही नाही. गेल्या कित्येक रविवारांचा राग या उत्तरावर उठून उभा राहिला असता. पण आता त्याला उठायला जागाच उरली नव्हती. काटेवाले मागून वळून उजव्या बाजूला आले, थोडे वाकले आणि साध्या आवाजात म्हणाले, "फाटक आज बरा खेळतोय."

"डोंबलाचा बरा!" मफलर मैदानावरची नजर न काढता म्हणाले. "समोरच्यांनी मारलंच नाही अजून—" आणि मग ते दचकले. वळले. काटेवाल्यांना बघून त्यांचा हात आपोआप मफलरकडे गेला आणि त्यांनी तो कानावर ओढला, एखाद्यानं उघडा खांदा झाकावा तसा.

"कधी गेला?" काटेवाल्यांनी विचारलं.

"दोन मोसमांपूर्वी. ताप आला होता. ताप गेला, जाताना डावा कान घेऊन गेला. उजवा चालतो बऱ्यापैकी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला?" मफलर हसले. "दुखापत लपवून खेळणारा हा संघाचा चोर. त्याला वगळा, दया दाखवू नका. हे कोण म्हणायचं?"

"ते मी कर्णधाराच्या घोट्याबद्दल—"

"तत्त्व आहे म्हणायचात. मांडीवर मूठ आपटायचात. कान धड होता तेव्हा ऐकलंय मी. मग कान गेला आणि मी लपवून खेळायला लागलो. तुमच्या भुवया वर गेल्या की म्हणायचो 'अगदी बरोबर'. खाली आल्या की 'काय सांगता!' रविवारी घरी गेलो की चोरी केल्यासारखं वाटायचं. तुम्ही एवढं जीव तोडून बोलायचात आणि मी तुमच्या भुवया मोजायचो. शेवटी म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. स्वतःच स्वतःला वगळलं."

काटेवाल्यांना बोलता येईना. ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती, की मफलरांना वाटलं उजवाही कान गेला.

"काही म्हणालात?"

"नाही," काटेवाले म्हणाले. आणि मग जी गोष्ट त्यांना बसू देत नव्हती ती बाहेर आली. "तुम्ही एकदा म्हणाला होतात. जागा बदलू या का म्हणून."

"म्हणालो होतो खरा."

"मी काय म्हणालो?"

"ते ऐकू आलं नाही. पण भुवया खाली होत्या."

काटेवाले म्हणाले होते, खांबामागून उजवा गोल दिसत नाही, ही अदलाबदल संघाच्या हिताची नाही. आणि या विनोदावर स्वतःच हसले होते. हे आत्ता सांगावं का, याचा त्यांनी विचार केला. काही गोष्टी ऐकू आल्या नाहीत हेच बरं असतं.

"बसा की," मफलर म्हणाले. "तोफेचं काय झालं? कंबरच ना?"

"कंबरच." पण काटेवाले बसले नाहीत. जे ऐकवायला एवढे दिवस कोणी मिळालं नव्हतं, ते "मी म्हणालो नव्हतो?" त्यांनी म्हटलंच नाही. त्याऐवजी भलतंच निघालं. "घरी कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही," मफलर म्हणाले. "ते राहू द्या. कर्णधार विकला त्याचं काय ते बोला. मला वाटलं होतं, त्या दिवशी तुम्ही क्लबचं दार फोडणार."

"मी? अहो, विका म्हणून मीच तर सांगत होतो! आणि तुम्ही हो म्हणालात. अगदी बरोबर म्हणालात!"

"मी? कर्णधाराला विकायला?" मफलर उभेच राहिले. "शुद्धीवर आहात का? तो घोटा नव्हता, संघाचा कणा होता! त्याच्या बदल्यात ती दोन शेळपट पोरं? एकाला मधे उभा केला तर कडेला पळतो, दुसऱ्याला कडेला ठेवला तर मधे येऊन गर्दी करतो!"

"शेळपट? त्यातल्या एकानं आत्ता गोल केला!"

"चेंडू त्याच्या काठीला लागला. त्याला गोल म्हणतात? उद्या या बाकाला लागून गेला तर बाकाला संघात घ्याल!"

"तुम्हाला हॉकी कळत नाही, हे मी आधीही म्हणालो होतो!"

"म्हणाला असाल. मला ऐकू आलं नाही!"

पलीकडे सावलीत वहिनींनी दुर्बीण लावली होती. त्यांना दोन म्हातारे एकमेकांच्या अंगावर हात उगारून ओरडताना दिसले. त्यांनी दुर्बीण ठेवली आणि निश्चिंत मनानं पुढचा टाका घातला.

तिसरा डाव सुरू झाला होता. मफलर धापा टाकत खाली बसले. काटेवाले त्यांच्या समोरच, थोडे उजवीकडे, मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. भांडणाची चव इतक्या दिवसांनी जिभेवर आली होती, आणि आता जे बोलायचं ते नीट बोललं पाहिजे, असं त्यांना वाटलं.

"हे बघा. माझं चुकलं. दुखापतीचं ते तत्त्व मी आजपासून मागे घेतो. ज्याचं जे दुखतंय त्यानं ते घेऊन संघात बसावं, असा नवा नियम. पुढच्या सामन्यापासून खांबाजवळ मी बसणार. उजवा गोल मला दिसला नाही तरी चालेल, तुम्ही सांगाल काय झालं ते. तुम्ही खोटं सांगाल हे मला माहीत आहे, तरी चालेल. तिकिटाच्या खिडकीवर मी स्वतः जातो. कारकुनाला सांगतो, ही अदलाबदल संघाच्या हिताची आहे. कारण संघ म्हणजे खाली धावतात ती अकरा पोरं नव्हेत. ती येतात, विकली जातात, त्यांचे घोटे जातात. संघ म्हणजे—"

मागे शिट्टी वाजली. मैदानावर गलका झाला. पाहुण्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला होता आणि तो मारायला विकलेला कर्णधार येत होता. काटेवाल्यांना ते दिसत नव्हतं. त्यांना फक्त मफलरांचा चेहरा दिसत होता, कपाळावर हात धरलेला, डोळे बारीक केलेला. मग तो हात हळूहळू खाली आला.

"हां, संघ म्हणजे काय ते नंतर सांगा," मफलर म्हणाले. "आत्ता थोडं तिकडे सरका. अजून थोडं. बस्स. असेच उभे राहता का जरा? डोळ्यांवरचं ऊन अडतंय."